बिनधुराची चूल आणि दोन घागरी पाणी

कडेगावजवळच्या एका गावात, सकाळी सातच्या सुमारास, मी छपराची कौलं काढून एका बाईच्या पेटत्या चुलीवर वरून दोन घागरी पाणी ओतलं. घराला आग लागलेली नव्हती. ती बाई स्वयंपाक करत होती.

एवढं सांगून टाकलं की माझं प्रवासवर्णन खरं तर संपतं. पण माणूस तिथपर्यंत पोचतो कसा, हेही लिहिलं पाहिजे. पुण्यात ज्यांना ही हकिगत माझ्या मागे ऐकायला मिळाली, त्यांना ती अपुरी आणि बरीचशी खोटी मिळाली आहे. पूर्ण हकिगत त्याहून वाईट आहे.

आमची संस्था पुण्यातली. खेड्यांतल्या बायकांचे डोळे धुरापासून वाचवायचे, हे तिचं काम. काम चांगलंच होतं. फक्त ते करणारे आम्ही सगळे पुरुष होतो आणि आमच्यापैकी एकानंही जन्मात कधी चूल फुंकली नव्हती. ‘बिनधुराची चूल’ ही बत्तीस पानी पुस्तिका मी लिहिली. पलीकडच्या खोलीत बायको स्टोव्हला पंप मारत होती आणि अलीकडच्या खोलीत मी ‘धूर हा गृहिणीचा वैरी आहे’ हे पहिलं वाक्य लिहून त्याकडे कौतुकानं पाहत होतो.

पुढे रॉकेलची टंचाई आली. बायको डबा घेऊन रांगेत उभी राहायला लागली आणि आमच्या चिटणीसांना वाटलं, चुलीचे दिवस परतले, प्रचाराला हीच वेळ. कुणाला पाठवायचं, असा प्रश्न निघाला. “ज्यानं पुस्तक लिहिलं तोच या विषयातला जाणकार,” असं ठरलं. मीही मान डोलावली. भर मे महिन्यात पुस्तिकांचा गठ्ठा, पत्र्याच्या चार-चार फुटी तीन नळ्यांचं धुराडं आणि त्या धुराड्याची टोपी घेऊन जाणकार निघाला.

वाई

वाईला माझा एक मित्र शाळेत मास्तर आहे, त्याच्या घरी उतरलो. पहाटे घाटावर जाऊन कृष्णेत पाय सोडून बसलो, परत येईतो त्याच्या आईनं थालीपिठाचं पीठ मळून ठेवलं होतं. मला म्हणाल्या, “तुम्ही चुलीतले ना? मग पेटवा तेवढी, मी हात धुऊन येते.”

लाकडं होती, काड्यापेटी होती, अनुभव नव्हता. मी मोठी लाकडं आधी रचली आणि त्यांना एकेक काडी लावून पाहिली. अकरा काड्या गेल्या. बाराव्या काडीला माझ्या अंगठ्याचं केवढं तरी कातडं गेलं. काकू आल्या, त्यांनी शांतपणे सगळी लाकडं बाहेर काढली, नारळाची शेंडी खाली घातली, वर करवंटीचे तुकडे ठेवले आणि इकडेतिकडे पाहून माझ्या पुस्तिकेचं एक पान टरकावून त्याला काडी लावली. जाळ भरकन उठला.

“पुस्तक छान पेटतं हो तुमचं,” त्या म्हणाल्या. “पेटवायचं कसं तेवढंच राहिलंय त्यात लिहायचं.”

मी नंतर पाहिलं. खरंच राहिलं होतं. बत्तीस पानांत चुलीची लांबी, रुंदी, भोकाचा व्यास, सगळं होतं. ती चूल पेटलेलीच असते, असं मी धरून चाललो होतो.

कडेगावच्या वाटेवर

एसटीत धुराड्याला जागा मिळेना. कंडक्टरनं ते खालून वरपर्यंत पाहिलं. “तोफ का काय?” मी म्हटलं, चुलीचं धुराडं आहे. “मग चूल कुठाय?” चूल तिथे गेल्यावर बांधायची आहे. “म्हंजी घराआधी कळस,” असं म्हणून त्यानं धुराड्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि मला दाराशी ते मिठी मारून उभं राहायला सांगितलं.

कऱ्हाडला चढलेल्या एका आजोबांनी मला न विचारता आपली छत्री त्या नळीत ठेवली. कडेगावला मी उतरायला लागलो तर छत्री आत अडकलेली. आजोबा मूठ धरून ओढतायत, मी नळी धरून ओढतोय आणि गाडीतली माणसं दोन्ही बाजूंनी शाबासकी देतायत. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला, नळी उलटी करून त्यानं एक दणका दिला. छत्री निघाली. “लय दिवसांनी करमणूक झाली बगा,” आजोबा मला म्हणाले.

गावाचं नाव लिहीत नाही. गावकऱ्यांची तशी विनंती नाही, पण मला तिथे पुन्हा जायची आशा आहे.

तात्यांच्या परड्यात

बैलगाडी घेऊन न्यायला आले होते ते तात्या. लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, चार एकर उसाचे मालक, मिशा अजून परेडवर. “ठीक टाइमावर आलासा,” ते म्हणाले. “आमचा शंकर रजेवर आलाय. उद्याच्या चारच्या गाडीनं माघारी जातोय, जम्मूला.”

घराच्या मागल्या परड्यात शिरलो तर समोर पुरुषभर उंचीचं, घुमटासारखं, शेणानं सारवलेलं काहीतरी उभं. त्यावर बोटांनी काढलेली वेलबुट्टी. मला वाटलं, यांच्या कुणा पूर्वजाची समाधी. पाहुण्यानं आल्या आल्या मान राखावा म्हणून चपला काढल्या आणि हात जोडून वाकलो.

चुलीजवळून एक बाई बाहेर आल्या, तात्यांच्या मालकीण. त्यांना सगळे काकी म्हणतात. डोळे लालसर, पदर कंबरेला. 

“कुनाच्या पाया पडताय?”

“ही समाधी ना?”

“शेनी हाईत त्या,” काकी म्हणाल्या. “पावसाळ्याच्या. हुडवा म्हनत्यात त्येला.”

आम्ही ज्यांना गोवऱ्या म्हणतो त्या शेणी. वर्षभर थापायच्या, वाळवायच्या, उन्हाळ्यात रचायच्या आणि वरून लिंपून टाकायच्या, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. चार महिन्यांचं जळण असं एका जागी बंद. शंकर मागे उभा राहून हसू दाबत होता. तात्या मात्र गंभीरपणे म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. पोटाचा देवच हाय त्यो.”

जेवायला ज्वारीची भाकरी, खर्डा, दही आणि मंद आचेवर शिजलेला अख्खा मसूर. पुण्यात आम्ही मसूर शिजवतो, हे वेगळंच काही होतं. मी तसं म्हटलं, तेव्हा काकींनी मला चुलीचं शास्त्र सांगितलं. भाकरीला जाळ पळता पाहिजे, तिथे तुरीच्या काटक्या नाहीतर गुऱ्हाळावरची उसाची चिपाडं. डाळीला लाकूड. मसुराला, दुधाला आणि पोळीला शेणी, कारण शेण जळत नाही, धुमसतं. उसाच्या वाळल्या पाल्याचं, पाचटाचं, नाव काढू नका, कागदागत भडकतंय नि भांडं तापायच्या आत राख. मी वहीत लिहून घेतलं. हे बत्तीस पानांत कुठेच नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी धुराड्याच्या नळ्या पुढे मांडल्या आणि समजावून सांगितलं की या चुलीत धूर वर जातो.

“आमचा बी वरच जातूय की,” काकी म्हणाल्या. “खाली जाऊन कुटं जाईल?”

“पण तो घरात फिरून जातो. डोळ्यांना त्रास.”

“व्हय, डोळं जात्यात हे खरं हाय. माझ्या सासूचं गेलं.” हे त्या अगदी सहज बोलल्या. “ह्यो धूर ग्येला तर बरंच हाय, बाबा. पन माळ्यावरचं बी-बियानं त्येच धुरावर टिकतंय, त्याला कीड लागंल त्येचं काय करतायसा?”

मी म्हटलं, संस्थेत विचारून कळवतो.

उद्याचा बेत त्यांनी निजायच्या आधीच सांगितला. शंकरबरोबर चाळीस शेंगाच्या पोळ्या द्यायच्या होत्या. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या, मंद आचेवर भाजलेल्या. चार दिवसांच्या रेल्वेत आणि पुढे पंधरा दिवस टिकतात. त्याच्या तुकडीतली पोरं म्हणे पोळ्यांची वाटच पाहत असतात. पण काकींना वेगळंच काही बोचत होतं.

“मागल्या लढाईच्या वक्ताला तार आली,” त्या म्हणाल्या. “पोरगं जेवायचं ताट ठिऊन उटलं. माझ्या हातनं त्येच्या हातात काय बी पडलं न्हाई. त्यापास्नं मी ठरिवलंय, ह्या घरातनं त्यो रिकामा जानार न्हाई.”

शंकर म्हणाला, “आये, किती डाव सांगशील?” पण त्यानं मान खाली घातली होती.

सकाळी सात

तात्या आणि शंकर देवाला गेले होते. मी टमरेल घेऊन ओढ्याकडून परत येत होतो. वळणावरून घर दिसलं आणि मी जागच्या जागी थांबलो. सगळ्या छपरातून, एकेका कौलाच्या फटीतून, दाट पांढरा धूर येत होता. उन्हाळा, वाळलेली खेडी, आगी, हे सगळं मी पुण्याच्या वर्तमानपत्रात वाचलेलं होतं.

आता मला कळतं की कौलारू घरातला स्वयंपाकाचा धूर असाच निघतो. आजूबाजूच्या बारा घरांतूनही तो तसाच निघत होता. पण धुरावर पुस्तक लिहिलेल्या माणसानं चुलीवरचं छप्पर कधी बाहेरून पाहिलेलं नव्हतं.

मी “आग! आग!” म्हणून ओरडलो. कुणी धावलं नाही, हे मला गावाच्या बेपर्वाईचं लक्षण वाटलं. मागच्या दाराशी विहिरीवरून आणलेल्या दोन भरलेल्या घागरी होत्या. मेमध्ये त्या गावात पाणी किती लांबून येतं, हे मला नंतर सविस्तर सांगण्यात आलं. छपराची मागची बाजू हाताला लागेल इतकी खाली उतरलेली, तिच्याशेजारी काल ज्याला नमस्कार केला तो हुडवा. त्याच्यावर पाय देऊन मी चढलो. डावा पाय घुमटातून गुडघ्यापर्यंत आत गेला. तो उपसून काढला, सात-आठ कौलं बाजूला सारली आणि जिथून जास्त धूर येत होता तिथे एक घागर रिकामी केली. मग खाली उतरून दुसरी.

आत ‘चर्र’ असा मोठा आवाज झाला.  मग खालून प्रश्न आला.

“कोन हाय रं वर?”

“मी आहे, काकी! घाबरू नका, विझली!”

“विझली की, मुडद्या!” काकी ओरडल्या. “माझी चूल विझली!”

खाली आलो तेव्हा माळ्यावरच्या काटक्या आणि चिपाडं टपटप गळत होती. तापलेल्या मातीवर गार पाणी पडल्यामुळे चुलीला उभा तडा गेला होता आणि तिचा एक गाल खचून राखेत बसला होता. पलीकडे कणीक मळलेली परात होती, तिच्यात एक कौलाचा तुकडा. काकी चिंब भिजून चुलीपुढे बसल्या होत्या आणि तडा गेलेल्या जागी हात फिरवत होत्या. 

देवळातून आलेल्या तात्यांनी छपरातलं भोक पाहिलं आणि विचारलं, “हमला कुठनं झाला?” शंकरनं माझ्याकडे बोट केलं.

नवी चूल घालून वाळायला दोन दिवस. मी म्हटलं, “मी आत्ता बिनधुराची—” आणि थांबलो. तिलाही वाळायला दोन दिवस लागतात, हे पुस्तिकेत पान अठरावर होतं.

“चारला गाडी हाय,” काकी एवढंच म्हणाल्या.

तीन दगड

माझी आरोळी ऐकून, फार उशिरा का होईना, एक माणूस आला. शेजारचे बाबालालभाई, पत्र्याचे डबे आणि चाळण्या करणारे. मागोमाग त्यांच्या बायको, मुमताजभाभी. त्यांनी सगळं एका नजरेत पाहिलं, परातीतलं कौल काढलं आणि शेंगदाण्याची पाटी उचलली. “दानं मी भाजून आनते माझ्या चुलीवर. तुमी पोळीचं बगा, काकी.”

“पोळीला जागा पायजे,” काकी म्हणाल्या, पण उठल्या. “अंगनात तीन दगडं मांडा. इस्तू आना कुनीतरी.”

भाभींनी फुटक्या खापरात निखारे आणले. आता जळण. माळ्यावरचं सगळं ओलं. काकींनी हुडव्याला मी पाडलेल्या भगदाडाकडे पाहिलं. “दार तुमीच उघडलंय, आता तितनंच काडा शेनी.”

पण अंगणात वारं. मेमधलं, पश्चिमेचं, थांबायचं नाव न घेणारं. शेणींचा विस्तव एका बाजूला भडकायचा, दुसऱ्या बाजूला मरायचा. पहिल्या तीन पोळ्या एकीकडून कोळसा आणि दुसरीकडून कच्च्या. घोंगडी धरून पाहिली, तिच्यात ठिणगी गेली. दहा वाजले, अकरा वाजत आले. काकी आता विस्तवाकडे न बघता नुसत्या दाराकडे बघत होत्या, जिथे शंकरची लोखंडी ट्रंक उघडी ठेवली होती.

बाबालालभाई मात्र माझ्या धुराड्याकडे पाहत होते.

“ह्ये कापू का?”

ते संस्थेचं होतं. नोंदवहीत चढलेलं. चिटणीसांनी मला ते नीट परत आणायला दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं, “कापा.”

त्यांनी कात्री आणली, तिन्ही नळ्या सांध्यावर उभ्या चिरल्या, हातोडीनं सपाट केल्या आणि फूट-फूट रुंदीच्या त्या पट्ट्या दगडांच्या बाजूनं वाऱ्याला आडव्या रोवल्या. विस्तव एका जागी बसला. पत्रा तापला, आच सगळीकडून सारखी लागायला लागली. काकींनी चौथी पोळी टाकली, उलटली, बोटानं दाबून पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बरं सामान आनलंय की तुमी. हेच आदी का न्हाई सांगितलं?”

संस्थेचं बिनधुराचं धुराडं आजवर कुणाच्या खरोखर उपयोगी पडलं ते एवढंच. त्यात धूर माझ्या तोंडावर येत होता, कारण शेणी घालायला मला बसवलं होतं. शेणीचे चार तुकडे करायचे, कडेनं सरकवायचे, जाळ उठला की राख ओढायची, मेला की फुंकणी. “वाईच मागं. आता म्होरं. तिकडं न्हवं, हिकडं! पुन्याला काय शेनी उभ्या घालत्यात व्हय?” दोन तासांत माझे डोळे काकींच्या डोळ्यांसारखे झाले. छातीतून खोकला निघेना आणि थांबेना. धूर हा गृहिणीचा वैरी आहे, हे माझं वाक्य खरं होतं. लिहिताना मला ते माहीत नव्हतं, एवढंच.

त्या मात्र एका हातानं लाटत, दुसऱ्यानं भाजत, तोंडानं मला झोडपत बसल्या होत्या. तीनच्या सुमारास त्यांनी शेवटची पोळी मोजली. सदतीस चांगल्या. कोळशाच्या तीन बाजूला काढून माझ्यापुढे सरकवल्या. “ह्या तुमच्या.”

मी तिन्ही खाल्ल्या. भुकेला तेव्हा दुसरं काही नव्हतं, आणि नाही म्हणायची माझी हिंमतही नव्हती.

माझं पुढचं प्रात्यक्षिक शिराळ्याला होतं. निघायच्या आधी काकींनी मला एक गाठोडं दिलं. “शिराळ्याला चाललाय न्हवं? आमची सुशी तितं दिलीया. तिला येवढ्या दोन पोळ्या द्या.” तात्यांनी त्यांच्या सांगण्यावरून एक चिठ्ठी लिहून गाठोड्यात खोचली. चिठ्ठी सांगताना त्या दोनदा माझ्याकडे पाहत होत्या, आणि तात्यांची मिशी हलत होती. मला वाटलं, घरगुती काही असेल.

कऱ्हाडपर्यंत शंकर आणि मी एकाच गाडीत होतो. ट्रंक त्याच्या पायाशी, गुळाचा वास सगळ्या गाडीभर. 

“साहेब, एक सांगू? दर टायमाला निघताना आई रडती. बैलगाडीमागं पळत येती. मला ते बगवत न्हाई.” तो हसला. “आज तुमास्नी शिव्या घालन्यात तिचं रडायचं ऱ्हाऊनच ग्येलं.”

मी म्हटलं, पुन्हा कधी रजेवर आलास की कळव.

“नको,” शंकर म्हणाला. “दर रजंला येक चूल परवडनार न्हाई.”

शिराळा

दुसऱ्या दिवशी शिराळ्याला पोचलो तेव्हा माझ्याजवळ पुस्तिका होत्या, धुराड्याची टोपी होती आणि काखेत काळ्या पडलेल्या पत्र्याच्या तीन पट्ट्या होत्या. चुलीचं प्रात्यक्षिक कसं टाळायचं, या विचारात सुशीलाचं घर शोधून काढलं. सोप्यात तिच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. कोपऱ्यात तीन घागरी, वर पालथं झाकण आणि तांब्या. मी पाणी मागितलं, कारण घसा अजून धुरानं धरलेला होता.

सुशीलानं गाठोडं सोडलं, पोळ्यांचा वास घेतला, चिठ्ठी उघडली. वाचता वाचता तिचे ओठ दाबले गेले. मग तिनं पदर खोचला, एक घागर उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत आली, दुसरी नेली.

“सुशे, काय करतीयास?” सासूबाई म्हणाल्या. “काय लिवलंय आईनं?”

“काय न्हाई, आत्याबाई.”

“वाच की मोट्यानं. पावनं काय परकं हाईत व्हय?”

सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. मग वाचलं. “पावनं मानूस चांगलं हाय. सांगितल्यालं काम करतंय. शेनी घालाय शिकलंय. जेवाय घाल. फकस्त भरल्याली घागर दिसंल आसं ठिऊ नगंस.”

पुढची सगळी हकिगत मग तिनं आत्याबाईंच्या कानात सांगितली. तात्यांची चिठ्ठी पाठपोट लिहिलेली होती. सासूबाईंनी ती निवांत ऐकून घेतली, उठल्या, कोपऱ्यात उरलेल्या शेवटच्या घागरीतून तांब्या भरला, थोडा विचार करून त्यातलं अर्धं पाणी परत घागरीत ओतलं आणि उरलेला तांब्या माझ्यापुढे धरला.

“हितंच प्या, माझ्याम्होरं,” त्या म्हणाल्या. “आन् तांब्या माघारी द्या.”